नवी घेतलेली स्पोर्ट्स कार नाशिकला आणताना: स्वतः चालवत की कंटेनरमधून?

मुंबई, पुणे, बंगळुरू किंवा दिल्लीत स्पोर्ट्स कारचा व्यवहार पक्का झाला, पैसे चुकते झाले आणि किल्ली हाती आली, की नाशिकच्या माणसासमोर पहिला प्रश्न येतो तो ही गाडी घरी आणायची कशी. बहुतेक जण अंतरावरून उत्तर ठरवतात: जवळ असेल तर चालवत आणू, लांब असेल तर ट्रकवर चढवू. मी दोन्ही प्रकारे गाड्या आणल्या आहेत. एक कोरी गाडी मुंबईहून स्वतः चालवत आणली आणि एक पाच वर्षे वापरलेली दोन आसनी गाडी बंगळुरूहून बंद कंटेनरमधून मागवली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की अंतराचा विचार नंतर करावा. आधी दोन गोष्टींची उत्तरे मिळवावीत. या गाडीची आपल्याला खरोखर किती माहिती आहे? आणि ताबा घेतल्यापासून ती आपल्या फाटकात शिरेपर्यंत तिला काही झाले, तर भरपाई नेमकी कोण देणार आहे?

कोरी गाडी

राज्यातल्या शोरूममधून घेतलेल्या कोऱ्या गाडीच्या बाबतीत ही दोन्ही उत्तरे सहसा समाधानकारक असतात. विम्याची पॉलिसी पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर असते, वॉरंटी चालू असते, रस्त्यात बंद पडली तर कंपनीची मदतसेवा असते आणि गाडीला आधीचा कोणताही इतिहास नसतो. मुंबईच्या शोरूममधून घेतली तरी पासिंग नाशिकच्या पत्त्यावर करून एमएच १५ चा क्रमांक घेता येतो. मात्र हे बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगावे, कारण कागदपत्रे पुढे गेल्यावर बदल करणे त्रासाचे होते. परराज्यातून घेतली तर तात्पुरती नोंदणी मिळते आणि गाडीवर पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांची पाटी लागते. त्या कागदावरची मुदत पाहूनच प्रवासाचा दिवस ठरवावा. लाल पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेली पाटी ही विक्रेत्याच्या ताब्यातील गाडीची असते. त्या पाटीवर खरेदीदाराने गाडी घरी नेणे योग्य नाही, शोरूममधल्या माणसाने कितीही हसत सांगितले तरी.

असे असूनही कोऱ्या स्पोर्ट्स कारच्या पहिल्या प्रवासाला काही पथ्ये असतात. पहिले काही शे किलोमीटर इंजिनातील पिस्टन रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती एकमेकांशी जुळत असतात, गिअर आणि डिफरन्शिअलचे (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या भागाचे) दाते बसत असतात, ब्रेकचे पॅड डिस्कशी एकरूप झालेले नसतात आणि कोऱ्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असल्यामुळे पकड पूर्ण मिळत नसते. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांसाठी कंपनी पहिल्या २००० किमीपर्यंत इंजिनाचे फेरे मिनिटाला ५५०० च्या आत ठेवायला सांगते आणि तो टप्पा गाठल्यावर खास रनिंग-इन सर्व्हिस करते. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, म्हणून ताबा घेण्याच्या आदल्या रात्री आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले हे पान वाचून काढावे. बहुतेक पुस्तिकांत एक सूचना समान असते आणि नेमकी तीच लोक विसरतात: सुरुवातीला गाडी तासन्‌तास एकाच वेगाने चालवू नये. इंजिनावरचा भार आणि फेरे सतत बदलत राहिले पाहिजेत.

मुंबईहून येताना रस्ता निवडताना हाच विचार कामी येतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून भिवंडीजवळ आमण्याला चढून इगतपुरीला उतरता येते आणि पुढे मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिक गाठता येते. या टप्प्यात सुमारे पावणेआठ किमी लांबीचा जुळा बोगदा आहे, कसारा घाट चढावा लागत नाही आणि पृष्ठभाग सपाट असल्यामुळे बुटक्या गाडीला तो फार सुखाचा वाटतो. पण त्याच रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावून एका वेगाने बसून राहण्याचा मोह होतो, आणि ते कोऱ्या इंजिनाच्या हिताचे नाही. म्हणून मी स्वतः समृद्धीवरूनच आलो, मात्र क्रूझ कंट्रोलला हात लावला नाही. ८० ते १०० च्या दरम्यान वेग कमीजास्त करत, मधूनमधून गिअर बदलत आलो. कोरड्या हंगामात, पहाटे, वाहने विरळ असताना कसारा घाटाने आल्यास चढ आणि वळणांमुळे इंजिनाला असा बदलता भार आपोआप मिळतो आणि ते इंजिनासाठी अधिक चांगले. पावसाळ्यात मात्र तो विचार करू नये. शहापूर ते कसारा पट्ट्यातील खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, घाटात धुके उतरते, आणि ३० किंवा ३५ प्रोफाइलच्या, म्हणजे बाजूची भिंत बुटकी असलेल्या, टायरला एक खोल खड्डा पुरतो. टायरची बाजू फुटते आणि अनेकदा मिश्रधातूच्या चाकालाही तडा जातो.

पुण्याहून येणे अंतराने जास्त, सुमारे २१० किमी, आणि स्पोर्ट्स कारसाठी मुंबईच्या वाटेपेक्षा कष्टाचे आहे. चाकणपर्यंतच्या कोंडीत क्लच आणि गिअरबॉक्स तापतात, म्हणून सकाळी सहाच्या आत चाकण ओलांडलेले बरे. पुढे नारायणगाव, संगमनेर, सिन्नर हा रस्ता बराच सुधारला आहे, पण हॉटेलांच्या आवारात शिरताना, पेट्रोल पंपांच्या कडेला आणि गावांतून जाणाऱ्या जोडरस्त्यांवर गतिरोधकांचा सामना होतोच.

गतिरोधकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण स्पोर्ट्स कारचे पहिले नुकसान बहुधा तिथेच होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट कमानीसारखा असावा. या मापाचा असेल तर बहुतेक स्पोर्ट्स कार हळू वेगात तो बिनधास्त ओलांडतात. अडचण होते ती अरुंद, उभट, गावाने रातोरात केलेल्या उंचवट्यांची. साध्या हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ ते १८० मिमीच्या आसपास असतो आणि स्पोर्ट्स कारचा अनेकदा १३० मिमीच्याही खाली. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जास्त असेल तर पुढचा बंपर सुटतो, पण पोट टेकते. अशा ठिकाणी गाडी जवळजवळ थांबवावी, मागची वाहने थांबली आहेत याची खात्री करावी, आणि तिरकी घेऊन एकेक चाक चढवावे. गाडीला पुढचा भाग उचलणारी लिफ्टची सोय असेल तर ते बटण कुठे आहे, किती वेगापर्यंत पुढचा भाग वर राहतो आणि कधी आपोआप खाली येतो, हे शोरूमच्या आवारातच दोनदा करून पाहावे. सोबत्याचे आणि सामानाचे वजनही आधी घरी पाठवता आले तर पाठवावे. ते दहा-पंधरा मिलिमीटर खरोखर उपयोगी पडतात.

वापरलेली गाडी, त्यातही परराज्यातली

आता खरा अवघड भाग. वापरलेली स्पोर्ट्स कार घेताना ताबा आणि नोंदणी यांच्या मधल्या काळात विम्याची एक फट असते आणि ती खरेदीदाराला बहुधा माहीत नसते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडी विकली गेली की तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आला असे मानले जाते, आणि नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण असे आपोआप येत नाही. ते विमा कंपनीने मान्य करून पॉलिसीत नोंदवावे लागते. याचा अर्थ असा, की जुन्या मालकाच्या पॉलिसीच्या भरवशावर आपण बंगळुरूहून निघालो आणि सोलापूरच्या अलीकडे गाडी दुभाजकावर आदळली, तर दुभाजकाचे पैसे मिळतील, गाडीचे मिळण्याची खात्री नाही. साध्या गाडीच्या बाबतीत लोक हा धोका पत्करतात. पुढचा एक दिवा काही लाखांना मिळणाऱ्या गाडीच्या बाबतीत मी तो कोणालाही पत्करू देणार नाही. निघण्याआधी विमा कंपनीला विक्रीचा करार आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० च्या प्रती पाठवून लेखी उत्तर घ्यावे, किंवा नवी पॉलिसी आपल्या नावावर काढता येते का ते विचारावे. लेखी उत्तर आले नाही तर गाडी चालवत आणू नये. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्ता वाढेल हेही धरून चालावे.

कागदांचा बाकी भाग थोडक्यात असा. परराज्यातील गाडीसाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र घ्यावे. थकलेली ई-चलने परिवहनच्या संकेतस्थळावर पाहून विक्रेत्याकडून भरून घ्यावीत. ताबा दिल्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांनी सही करावी, म्हणजे त्यानंतरचे चलन आपले आणि आधीचे त्याचे यावर वाद राहत नाही. विक्रेत्याचा फास्टॅग त्याने बंद करावा. आपण नवा लावला नसेल तर टोलनाक्यावर नेहमीपेक्षा जास्त रक्कम भरावी लागते. नाशिकला आल्यावर पेठ रोडच्या आरटीओत नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा कर गाडीच्या वयानुसार कमी होत असला तरी महाग गाडीच्या बाबतीत मोठीच रक्कम असते, म्हणून सौदा ठरवतानाच तो हिशेबात घ्यावा.

एवढे सगळे जुळले तरी गाडीचा प्रश्न उरतोच. अनेक स्पोर्ट्स कार वर्षातून हजार-दोन हजार किमी चालतात आणि उरलेला वेळ झाकून ठेवलेल्या असतात. किलोमीटर कमी दिसतात, पण रबर, द्रव आणि बॅटरी यांचे वय थांबत नाही. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची नोंद असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खाचा कितीही खोल दिसल्या तरी सहा-सात वर्षांच्या टायरवर मे महिन्यात काँक्रीटच्या महामार्गावरून हजार किलोमीटर जाणे मला मान्य नाही. बहुतेक स्पोर्ट्स कारमध्ये स्टेपनीही नसते. असतो तो पंक्चर बुजवण्याचा द्रव आणि छोटा पंप, आणि बाजू फाटलेल्या टायरला त्याचा काही उपयोग नाही. त्या मापाचा टायर वाटेतल्या गावात मिळणार नाही, तो मोठ्या शहरातूनच मागवावा लागेल. पेट्रोलचेही तसेच: टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किमान ऑक्टेन लिहिलेला असतो, आणि त्या दर्जाचे पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळत नाही, म्हणून वाटेतले पंप आधी शोधून ठेवावे लागतात. पंधरा वर्षांपूर्वीच्या आयात गाडीच्या बाबतीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल तिच्या नळ्यांना आणि सीलना चालते का, हे त्या गाड्यांचे काम करणाऱ्या मेकॅनिकला विचारूनच निघावे.

म्हणून माझा नियम साधा आहे. जी वापरलेली गाडी एखाद्या जाणकार मेकॅनिकने लिफ्टवर उचलून पाहिली आहे, जिचे टायर आणि ब्रेकचे द्रव ताजे आहेत, जिचा विमा माझ्या नावावर आलेला आहे आणि जी मुंबई-पुण्याइतक्या अंतरावर आहे, ती चालवत आणावी. यातली एकही अट सुटत असेल तर ती कंटेनरने यावी. हैदराबादचे ७०० किमी असोत की दिल्लीचे साडेबाराशे, अनोळखी गाडीशी ओळख करून घेण्याची जागा अनोळखी महामार्ग नव्हे.

खर्चाचा हिशेबही वाटतो तितका एकतर्फी नसतो. दिल्लीहून येताना गाडीने लिटरला ८ किमी दिले तर दीडशे लिटरहून अधिक पेट्रोल लागते, म्हणजे पंधरा-सोळा हजार रुपये. त्यात दोघांचे जाण्याचे तिकीट, दोन मुक्काम, टोल आणि बुटक्या गाडीला सुरक्षित पार्किंग असलेल्या हॉटेलचा जादा दर मिळवला, की कंटेनरच्या भाड्याशी असलेले अंतर बरेच घटते. काचेवर आणि बॉनेटवर उडणाऱ्या खडीचा हिशेब तर कोणी मांडतच नाही.

कंटेनरने आणायची ठरल्यास

नाशिककरांना कार कॅरिअर नवे नाहीत. सातपूरच्या महिंद्रच्या कारखान्यातून गाड्या भरून निघालेले लांबलचक ट्रेलर आपण रोजच पाहतो. पण ते कारखान्याच्या ठरावीक मापाच्या गाड्यांसाठी असतात आणि त्यांचे उतार आपल्या गाडीच्या नाकाला मानवतीलच असे नाही. स्पोर्ट्स कारसाठी बंद कंटेनर मागावा, आणि शक्यतो एक किंवा दोनच गाड्या नेणारा. वाहतूकदाराला फोनवर तीन प्रश्न विचारावेत. चढवण्यासाठी हायड्रॉलिक लिफ्ट आहे की फळ्यांचा उतार? उतार असल्यास त्याची लांबी किती? गाडी टायरवरून पट्टे टाकून बांधणार की खालून चेसिसला साखळी लावणार? पट्टे टायरवरूनच हवेत. साखळीने सस्पेन्शनचे हात वाकतात आणि ते घरी आल्यावर लगेच दिसतही नाही.

जबाबदारीचा प्रश्न इथे पुन्हा येतो. कॅरेज बाय रोड कायदा २००७ आणि त्याखालील २०११ चे नियम यांनुसार, मालाची किंमत जाहीर करून जादा जोखमीचा दर दिलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित असते. भाडे ४० हजार असेल तर ४ लाख. साठ लाखांच्या गाडीला त्याचा काय आधार? म्हणून वाहतुकीचा स्वतंत्र ट्रान्झिट विमा घ्यावा. तो आपल्या नावावर, गाडीच्या खरेदी किमतीचा असावा, आणि त्यात चढवणे-उतरवणे समाविष्ट आहे का हे शब्दशः वाचावे, कारण बहुतेक ओरखडे रस्त्यात नव्हे, चढ-उतारातच पडतात. वाहतूकदार ‘विमा आमचाच आहे’ म्हणाला तर त्या पॉलिसीची प्रत मागावी. बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवर, ‘ओनर्स रिस्क’ (जोखीम मालकाची) असा शिक्का असेल तर सही करण्याआधी तो काढायला लावावा, आणि गाडीची किंमत आकड्यात लिहून घ्यावी.

गाडी देण्याआधी ती धुऊन, उन्हात उभी करून चारही बाजूंनी, चाकांचे जवळून, बंपरच्या खालच्या कडेचे आणि काचेचे फोटो काढावेत आणि किलोमीटरच्या आकड्यासह एक सलग व्हिडिओ घ्यावा. पेट्रोल पाव टाकीइतकेच ठेवावे. कागदपत्रे, दुसरी किल्ली आणि काढता येतील अशा वस्तू गाडीत ठेवू नयेत, मात्र टो हूक (गाडी ओढण्याचा आकडा) आणि चाकांच्या लॉक नटची चावी पुढच्या आसनाखाली ठेवून ड्रायव्हरला दाखवावी. झुकाव ओळखणारा अलार्म बंद करावा, नाहीतर तो कंटेनरमध्ये वाजत राहून बॅटरी संपवतो. गाडीला ट्रान्सपोर्ट मोड असेल तर तो चालू करावा. फास्टॅग काचेवर असेल तर काढून ठेवावा, म्हणजे ट्रकवर बसलेल्या गाडीचा टोल कापला जाण्याची शंका राहत नाही. इलेक्ट्रिक हँडब्रेक, न्यूट्रल आणि पुढची लिफ्ट कशी वापरायची हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत, ड्रायव्हरला येत असलेल्या भाषेत लिहून डॅशबोर्डवर चिकटवावे. माझ्या गाडीच्या वेळी हा कागद सर्वांत उपयोगी ठरला.

कंटेनर गंगापूर रोडच्या सोसायटीच्या दारात येईल अशी अपेक्षा करू नये, पंचवटीच्या बोळात तर नाहीच. उतरवण्याची जागा आपण ठरवावी: आडगावच्या ट्रक टर्मिनलसारखी मोकळी, पक्की आणि सपाट. महामार्गाच्या कडेला, उतारावर, रात्री उतरवू देऊ नये. मी एकदा ड्रायव्हरच्या घाईला मान दिला आणि विल्होळीजवळ सर्व्हिस रोडवर, दिवे लावण्याच्या वेळेला गाडी उतरवू दिली. तिथे जमीन कंटेनरच्या मागे खाली उतरत होती, त्यामुळे फळ्यांचा उतार वाढला आणि पुढच्या बंपरची खालची कड घासली. दोष त्या ड्रायव्हरचा जितका, तितकाच जागा न तपासणाऱ्या माझाही. तेव्हापासून मी सहा फूट लांबीच्या दोन जाड फळ्या सोबत नेतो. उताराच्या टोकाशी त्या ठेवल्या की चढण दोन टप्प्यांत विभागली जाते आणि नाक टेकत नाही. आपल्या फाटकाच्या उतारालाही त्याच फळ्या लागतात, म्हणून तो उतार गाडी येण्याआधी मोजून ठेवावा.

गाडी खाली आल्यावर ड्रायव्हरला चहा द्यावा आणि तेवढ्या वेळात पाठवतानाचे फोटो मोबाइलवर उघडून, विजेरी घेऊन, प्रत्येक बाजू ताडून पाहावी. काही आढळले तर ते बिल्टीच्या दोन्ही प्रतींवर लिहूनच सही करावी: कुठे, किती लांबीचा ओरखडा, किती वाजता पाहिला. माझ्या बंपरची भरपाई वाहतूकदाराने खळखळ न करता मान्य केली, ती केवळ त्या दोन ओळींमुळे. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी. कायद्याने त्यासाठी बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस मिळतात, पण फोटो, ड्रायव्हरचा जबाब आणि गाडीवरची ताजी खूण पहिल्या दिवशीच हाती असते.